शक आणि चाँद एका पानावर आणणारा सुलतान

जावा बेटावर रमजानच्या महिन्याला 'पासा' म्हणतात. हा शब्द अरबी नाही. संस्कृतातला 'उपवास' समुद्र ओलांडून गेला, शतकानुशतकं लोकांच्या तोंडी झिजला आणि जावानी भाषेत 'पासा' झाला. मलय आणि इंडोनेशियन भाषांत तोच 'पुआसा' म्हणून नांदतो. जगात सर्वाधिक मुसलमान ज्या देशात राहतात, तिथले कोट्यवधी लोक रोजाला याच शब्दाने ओळखतात. धर्माला ते 'आगामा' म्हणतात आणि जन्नतीला 'सुर्गा'. आपल्या कानांना यात आगम आणि स्वर्ग ऐकू येतात, त्यांच्या कानांना ते घरचे शब्द वाटतात.

हा पासा ज्या कालगणनेतला नववा महिना आहे, ती जावानी कालगणना एका राजाने एका ठराविक दिवशी सुरू केली. दिवस होता ८ जुलै १६३३, शुक्रवार. हिजरी सन १०४३ च्या मोहरमची ती पहिली तारीख होती. राजा होता मताराम राज्याचा सुलतान अगुंग. 'अगुंग' म्हणजे थोर. ते त्याचं जन्मनाव नव्हे, नंतर मिळालेली पदवी आहे.

त्याचा जन्म १५९३ साली मध्य जावातल्या कोटागडे इथे झाला. लहानपणीचं नाव रादेन मास रांगसांग. आजोबा पानेम्बाहान सेनोपाती यांनी मतारामचं राज्य उभं केलं होतं, आणि 'सेनोपाती' म्हणजे आपला सेनापतीच, हे वेगळं सांगायला नको. घराणं मुसलमान, पण पदव्या, दरबारी रिवाज, नाटकातले पांडव आणि राम हे सगळं जुन्या जावाचं. वडिलांचा मृत्यू १६१३ मध्ये शिकारीच्या राखीव रानात झाला. जावानी लोक आजही त्या राजाला 'रानात मेलेला' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. सावत्र भावाला गादीचं वचन दिलेलं होतं, म्हणून त्याला नावापुरतं बसवलं आणि लगेच उतरवलं, असं बखरी सांगतात. विशीतला रांगसांग गादीवर आला.

पुढची बारा वर्षं त्याने युद्धात घालवली. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर तेव्हा व्यापारी बंदरं होती. ती श्रीमंत होती, गलबतांनी गजबजलेली आणि बऱ्याच अंशी स्वतंत्र. मताराम मात्र आतल्या भागातलं, भातशेतीवर जगणारं राज्य. अगुंगने एकेक बंदर घेतलं. १६१६ मध्ये लासेम, १६१७ मध्ये पासुरुआन, १६१९ मध्ये तुबान, १६२४ मध्ये मदुरा बेट. सुराबाया सर्वांत बळकट होतं आणि ते सहजी पडेना. तेव्हा आजूबाजूची शेतं वर्षानुवर्षं जाळली गेली, नदी अडवली गेली आणि शहराला येणारं पाणी नासवण्यात आलं. १६२५ मध्ये उपासमारीने जेरीस आलेल्या शहराने दरवाजे उघडले. याच काळात जावावर दुष्काळ आणि रोगराईही आली. त्याच्या थोरवीच्या गोष्टी सांगणारे हा भाग लवकर उरकतात, पण त्या शहरात भुकेने मेलेल्यांत बहुतेक मुसलमानच होते, हे विसरून या माणसाचं चरित्र लिहिता येत नाही.

मदुरा घेतल्यावर त्याने 'सुसुहुनान' ही पदवी घेतली. जावात इस्लाम पसरवणाऱ्या संतांच्या नावापुढे जो 'सुनान' शब्द लागतो, त्याच घराण्यातली ही पदवी. याचा अर्थ राजाला आता तलवारीखेरीज आणखी काही हवं होतं.

त्याला न मिळालेलं एक शहर होतं. पश्चिमेला जयकर्ता नावाच्या बंदराची राख करून डच कंपनीने १६१९ मध्ये तिथे बटाव्हिया वसवलं होतं. (कोकणच्या वाचकांना ही कंपनी परकी नाही. वेंगुर्ल्यात तिचीच वखार होती आणि तिचे पडके अवशेष आजही आहेत.) कंपनीचा गव्हर्नर जनरल यान कून कडक आणि निर्दय माणूस. अगुंग आणि कून यांच्यात आधी काही वर्षं वकील आले-गेले, नजराणे दिले-घेतले गेले. पण एक जण सगळ्या जावाचा धनी होऊ पाहत होता आणि दुसऱ्याला सगळ्या व्यापाराचा मक्ता हवा होता. यात मध्यममार्ग निघणं कठीणच होतं.

ऑगस्ट १६२८ मध्ये मतारामची गलबतं गुरं आणि तांदूळ घेऊन बटाव्हियाला आली. माल विकायला आलोत, असं वरकरणी सांगण्यात आलं. मागोमाग सैन्य आलं. राजधानीपासून बटाव्हिया सुमारे ५०० किलोमीटर. वाट जंगलातून, नद्या ओलांडून. चिलिवुंग नदी अडवून शहराचं पाणी तोडण्याचा सुराबायाचाच डाव इथे पुन्हा खेळून पाहिला, पण तो साधला नाही. माणसं थकली, आजारी पडली, अन्न संपलं. वर्षअखेरीस सैन्य परतल्यावर डचांना छावणीच्या जागी न पुरलेली ७४४ प्रेतं सापडली. त्यांतल्या काहींची शिरं धडावेगळी होती. ती शत्रूने केलेली कत्तल नव्हती. अपयश आलं म्हणून राजाच्याच हुकमाने सरदारांना आणि त्यांच्या माणसांना देहान्त शिक्षा झाली होती.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा सैन्य पाठवलं. या वेळी शहाणपणाने वाटेवर तेगल आणि चेरिबोन इथे तांदळाचे साठे करून ठेवले होते. डचांना त्यांचा सुगावा लागला आणि त्यांनी समुद्रातून येऊन ते जाळून टाकले. वेढा घालणारं सैन्य लढण्याआधीच उपाशी पडलं. याच वेढ्यात, सप्टेंबर १६२९ मध्ये, किल्ल्याच्या आत कून आजाराने मरण पावला. तरी शहर पडलं नाही. त्यानंतर अगुंगने बटाव्हियावर पुन्हा स्वारी केली नाही.

हरलेल्या राजाकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागतात. पाती इथलं बंड १६२७ मध्येच मोडून झालं होतं. आता पश्चिम जावातल्या उकुरच्या सरदाराने डोकं वर काढलं. १६३० मध्ये मात्र अधिक जिव्हारी लागणारी गोष्ट घडली. राजधानीपासून फार दूर नसलेल्या तेम्बायातच्या भागात बंडाळी उठली. तेम्बायात हे गाव म्हणजे सुनान बायात या संताची दर्गाभूमी. धर्माच्या जाणकारांचा, फकिरांचा आणि त्यांना मानणाऱ्या खेडुतांचा तो मुलूख. तिथे राजाविरुद्ध लोक उठतात, म्हणजे राजाचं बळ नव्हे, त्याचा अधिकारच मानला जात नाही, असा त्याचा अर्थ होता. बंड नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे रक्त सांडून, मोडण्यात आलं.

तीन वर्षांनी, १६३३ मध्ये, तोच राजा तेम्बायातला जियारतीसाठी गेला. डोंगरावरच्या त्या मजारीला त्याने नवी कमान बांधून दिली. तिच्या घडणीत जुन्या हिंदू-जावानी देवळांच्या दरवाजांची छटा आहे, आणि तिथला लेख शक १५५५ चा आहे. संताने दर्शन देऊन त्याला गुह्य ज्ञान दिलं, असं जावानी परंपरा सांगते. पश्चात्ताप होता, राजकारण होतं की दोन्ही, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याच मुलखातल्या संताच्या कबरीपुढे राजा गेला, एवढं लोकांनी पाहिलं. आणि त्याच वर्षी त्याने कालगणना बदलली.

बदल काय होता, हे समजायला त्याआधी जावात काय चाललं होतं ते पाहावं लागेल. आपल्याकडे पैठणच्या शालिवाहनाशी ज्याचं नातं जोडलं जातं, तो शक जावाला सुमारे नऊशे वर्षं ठाऊक होता. मध्य जावातला चांगल इथला संस्कृत शिलालेख शक ६५४ चा, म्हणजे इ.स. ७३२ चा आहे. तो कोरवून घेणाऱ्या संजय राजाचं राज्यही मतारामच म्हणवलं जातं. अगुंगच्या आजोबांनी ते जुनं नाव पुन्हा जिवंत केलं होतं. लोककथेत तर शक हा आकडा नसून माणूस आहे. आजी साका नावाचा वीर परदेशातून आला, त्याने माणसं खाणाऱ्या राजाचा नाश केला आणि जावाला अक्षरं दिली, कालगणना दिली. वर्षाचा आकडा शब्दांत गुंफायची आपल्याकडच्या शिलालेखांतली रीतही तिथे रुजली होती. पृथ्वी म्हणजे एक, डोळे म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे.

ही जुनी गणना आपल्या पंचांगासारखीच होती. महिने चंद्राचे, पण अधिक महिना घालून त्यांची सूर्याशी सांगड घातलेली. मशिदीत मात्र हिजरी सन चालत होता. त्याला अधिक महिना मान्य नाही. वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं आणि सण ऋतूंमधून फिरत राहणारे. म्हणजे राजवाड्याचा दिवस वेगळा आणि मशिदीचा वेगळा. दस्तऐवजावर एक तारीख, रोजा-ईदला दुसरी.

अशा वेळी दोन सरळ वाटा होत्या. शक टाकून हिजरी सन घ्यायचा, किंवा दोन्ही चालू द्यायचे. अगुंगने तिसरी वाट काढली. वर्षाची चाल हिजरीची घेतली, शुद्ध चांद्र, बारा महिन्यांची. आणि आकडा शकाचा ठेवला. १५५५ नंतर १५५६. हिजरीचा १०४३ हा आकडा त्याने घेतला नाही. पूर्वजांच्या मोजणीची साखळी तुटली नाही, आणि पुढची प्रत्येक कडी चाँदाच्या मापाची झाली.

दख्खनच्या वाचकाला इथे थोडं थांबावंसं वाटेल, कारण याच्या नेमका उलटा प्रयोग आपल्या मातीत झाला होता. चौदाव्या शतकात दख्खनेत सुहूर सन सुरू झाला. त्यात आकडा हिजरीवरून घेतलेला, पण वर्ष सौर आणि मृगाला बदलणारं, कारण शेतसारा चंद्र बघून वसूल होत नाही. मराठी कागदपत्रांत इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असे अरबी आकडे दिसतात ते त्याच सनाचे. छत्रपतींच्या काळापासून पेशवाईपर्यंतच्या मोडी कागदांवर तो आहे. दख्खनेने हिजरीचा आकडा सूर्याला जोडला, जावाने शकाचा आकडा चंद्राला. दोघांनाही एकमेकांची खबर नसावी. अगुंगचा शक १५५५ सुरू झाला त्या सुमारास इकडेही शक १५५५ च होता, मोगलांनी नुकतंच दौलताबाद घेतलं होतं आणि शिवाजी महाराज तीन वर्षांचे होते.

तेव्हा सारखे असलेले दोन आकडे आता सारखे राहिलेले नाहीत. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून जावाचा शक पुढे पळत गेला. २०२५ च्या जून महिन्यात तिथे १९५९ लागलं, तेव्हा आपल्या पंचांगात शक १९४७ होता. हिजरी आणि जावानी आकड्यांत मात्र तेव्हाही ५१२ चं अंतर होतं, आजही तेवढंच आहे.

महिन्यांची नावं अरबीवरून आली, पण जावानी जिभेवरून. आशुराच्या दिवसावरून मोहरमला 'सुरा' म्हणू लागले. रबीउल अव्वलला, पैगंबरांच्या जन्माचा महिना म्हणून, 'मुलुद'. शाबान झाला 'रुवाह'. रूह या शब्दाचं अरबी अनेकवचन अरवाह, त्यावरून. या महिन्यात लोक पूर्वजांच्या कबरी झाडून-पुसून स्वच्छ करतात, फुलं वाहतात, आपल्या आप्प्यांची भावंडं शोभावीत असे 'आपेम' करून वाटतात. मग नदीवर किंवा झऱ्यावर आंघोळ करून पासाला सामोरे जातात. हजचा महिना नुसता 'बसार', म्हणजे मोठा. वारही अरबी झाले. सोम, अंगारा, बुद, शुक्र ही जुनी नावं बोलण्यातून गेली आणि सेनेन, सलासा, रेबो, जुमुवाह आली.

बाजाराचा आठवडा मात्र अगुंगने तसाच राहू दिला. जावात सात दिवसांच्या जोडीला पाच दिवसांचा आठवडा चालतो. लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आपल्याकडे जसा एका गावचा बाजार मंगळवारी आणि दुसऱ्याचा शुक्रवारी, तसा तिथे एका गावचा बाजार पोनला आणि शेजारच्याचा वागेला. बाजाराला शब्दही 'पासार', आणि तो फारसी बाजारातूनच आला. कोटागडेचा बाजार आजही पासार लगी म्हणून ओळखला जातो. सात आणि पाच दिवसांची चक्रं एकत्र फिरली की ३५ दिवसांनी तीच जोडी परत येते. माणूस ज्या जोडीवर जन्मला तो त्याचा 'वेतोन'. मूल ३५ दिवसांचं झालं की घरी छोटा समारंभ होतो. लग्न ठरवताना दोघांच्या वेतोनचे आकडे मांडून बेरीज बघणारी घरं अजून आहेत. मौलवी याला फारसे राजी नसतात, पण पत्रिका जुळवणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांप्रमाणे तिथेही आई-वडील एकदा बघून घेऊ म्हणतातच.

या गणनेतलं सर्वांत देखणं काम आठ वर्षांच्या चक्राचं आहे. प्रत्येक वर्षाला एक नाव: अलिप, एहे, जिमअवल, जे, दाल, बे, वावु, जिमआखिर. ही अरबी अक्षरं आहेत, पण अलिफ, बे, ते या क्रमाने नाहीत. अरबीत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. उर्दूत तारीख गुंफणारे शायर ज्याला अबजद म्हणतात, तोच हिशेब. अलिफ १, हे ५, जीम ३, जे ७, दाल ४, बे २, वाव ६, पुन्हा जीम ३. पहिल्या वर्षाचा पहिला दिवस ज्या वारी, तो वार एक धरून मोजायचं. मग एहे वर्ष पाचव्या वारी सुरू होणार, जिमअवल तिसऱ्या, जे सातव्या. वर्षाच्या नावातच त्याच्या पहिल्या दिवसाची किल्ली आहे. चक्रातली तीन वर्षं ३५५ दिवसांची, बाकी पाच ३५४ ची. एकूण २८३५ दिवस. त्याला ७ ने भाग जातो आणि ५ नेही. त्यामुळे आठ वर्षांनी पहिला दिवस पुन्हा त्याच वारावर आणि त्याच बाजारावर येतो. छापील कॅलेंडर नसलेल्या काळात खेड्यातला म्हातारा बोटांवर पुढच्या वर्षीची ईद सांगू शकत होता.

हिशेब थोडा पुढे पळतो, हेही जाणकारांना कळत होतं. हिजरीच्या ठोकळ गणितात ३० वर्षांत ११ वाढीव दिवस असतात. जावाच्या हिशेबाने १२० वर्षांत ४५ होतात, हिजरीच्या हिशेबाने ४४. म्हणून १२० वर्षांनी एक दिवस गाळायचा. शेवटची अशी दुरुस्ती १९३६ ची. तेव्हापासून अलिप वर्ष मंगळवारी, पोनच्या बाजाराला सुरू होतं. त्याआधी ते बुधवारी, वागेला सुरू होत असे. आणि बान्युमास भागातल्या काही खेड्यांनी ती दुरुस्ती मानलीच नाही. अलिप-रेबो-वागे या तीन शब्दांचा जोड करून त्यांच्या गणनेला 'अबोगे' म्हणतात. बाकी देशाची ईद झाली की एखाद-दोन दिवसांनी ही गावं आपली ईद करतात. शेजारी फराळ खात असतात आणि यांचा रोजा सुरू असतो. त्यावरून भांडण होत नाही. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी गच्चीवर उभं राहून चाँद दिसला का, म्हणून फोन फिरवणाऱ्या आपल्या गावांतल्या मंडळींना यात काही नवल वाटू नये. जावानी गणितात पासाचे दिवस तीसच. आभाळातला चंद्र मात्र कधी एकोणतीसवरच दर्शन देतो.

गणना बदलल्याने सगळं सोपं झालं असं नव्हे. शेतकऱ्याची पंचाईत झाली. आता सुरा महिना कधी पावसात, कधी उन्हाळ्यात. पेरणी कधी करायची, ते महिन्याच्या नावावरून कळेना. त्यांनी आपली वेगळी सौर मोजणी चालू ठेवली. ती बारा भागांची असून भाग लहानमोठे, आणि पानगळ, किडे, वारा यांवरून ओळखायचे. त्या मोजणीला दरबाराने नीट नियमात बसवलं ते थेट १८५५ मध्ये.

शेजारच्या बालीवर अगुंगची सत्ता कधीच चालली नाही. तिथल्या हिंदूंनी जुना शक अधिक महिन्यांसह तसाच ठेवला. त्यांचं नववर्ष 'न्येपी' अनेक वर्षी आपल्या पाडव्याच्याच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने येतं. पण त्या दिवशी गुढी-तोरणं नसतात. पूर्ण मौन असतं, चूल नाही, दिवा नाही, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा बंद. त्याच्या जोडीला २१० दिवसांचं एक चक्र बालीत चालतं. तीस आठवड्यांच्या त्या चक्राला प्रत्येकी वेगळं नाव असलेले आठवडे आहेत. त्या तीस नावांची आठवण जावातल्या मुसलमान घरांतही आहे. १६३३ नंतर दोन बेटांचे महिने वेगळे झाले, पण बाजाराचे पाच दिवस आजही दोघांचे एकच आहेत.

उरलेल्या वर्षांत अगुंगने दोन ठिकाणचे हिशेब पूर्ण केले. गिरी इथल्या संतघराण्याला त्याची सत्ता मान्य नव्हती. संताच्या वंशजावर हात टाकायला कोणी सरदार तयार होईना. तेव्हा त्याने सुराबायाच्या हरलेल्या घराण्यातल्या पांगेरान पेकिकला आपली बहीण दिली आणि त्याच्याकरवी १६३६ मध्ये गिरी घेतलं. पेकिकचं घराणंही संतांचंच होतं, हे त्यातलं मर्म. मग मक्केकडे वकील गेले. पश्चिमेच्या बांतेनच्या राजाला १६३८ मध्ये मक्केहून सुलतान ही पदवी मिळाली होती, ती अगुंगला सलत असावी. १६४१ मध्ये त्यालाही ती मिळाली. म्हणजे कालगणना सुरू केली तेव्हा तो सुलतान नव्हताच. आज सगळे त्याला ज्या नावाने ओळखतात, ते त्याने शेवटची चार-पाच वर्षंच वापरलं.

राजघराण्यासाठी त्याने इमोगिरीच्या डोंगरावर दफनभूमी बांधायला घेतली होती. मक्केची मूठभर माती त्याने फेकली आणि ती जिथे पडली तिथे ही जागा निवडली, अशी कथा आहे. १६४५ संपून १६४६ लागण्याच्या सुमारास तो वारला आणि तिथेच त्याला दफन केलं. मुलगा अमांगकुरात पहिला गादीवर आला आणि वडिलांनी ज्या उलेमांशी जुळवून घेतलं होतं त्यांचीच त्याने मोठी कत्तल केली. राज्य त्याच्या हातात टिकलं नाही, ते पुढे तुकड्यातुकड्यांनी डचांकडे गेलं.

कालगणना राहिली. सुराच्या पहिल्या रात्री योग्यकर्तात हजारो लोक एक शब्दही न बोलता जुन्या कोटाभोवती फेरी घालतात. मुलुदमध्ये मशिदीच्या अंगणात राजवाड्याची वाद्यं आठवडाभर वाजतात, आणि दाल वर्ष आलं की तो सोहळा अधिक मोठा होतो. इमोगिरीच्या शेकडो पायऱ्या चढून लोक अनवाणी, जावानी पोशाखात जातात. तिथे चार मोठे रांजण आहेत. ते आचे, पालेम्बांग, सयाम आणि रूम या देशांनी अगुंगला भेट दिले, असं मानतात. सुरा महिन्यात क्लिवोनचा बाजार मंगळवारी किंवा शुक्रवारी आला की ते रिकामे करून, धुऊन, नव्या पाण्याने भरतात आणि जुनं पाणी लोक बाटल्यांतून घरी नेतात.

इंडोनेशियाने १९७५ मध्ये त्याला राष्ट्रीय वीर म्हणून जाहीर केलं, ते मुख्यतः बटाव्हियाच्या दोन वेढ्यांसाठी. ते शहर तर त्याला मिळालं नव्हतं. पुढे त्याचं नाव जकार्ता झालं, जुन्या जयकर्तावरून. १७ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तिथल्याच एका घरासमोर सुकार्नो यांनी देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. हिजरी १३६४ चा रमजान होता, नववा रोजा. जावानी हिशेबाने १८७६ चा पासा. वार होता शुक्रवार आणि बाजार लगी. ८ जुलै १६३३ लाही हीच जोडी होती.